उताराला वाफ कशाला जाळायची?

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितोय म्हणून रागावू नका. वाफेच्या गाडीच्या त्या फोटोबद्दल तोंडावर आभार मानायला आलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. तीनदा झालंय हे. शिवाय कळव्याच्या आपल्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांना वाटतं की तुम्ही लोकल चालवायचात. दौंडच्या शेडला तुम्ही फायरमन म्हणून लागलात, डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या वाफेच्या इंजिनांना कोळसा घातलात, डिझेल आणि विजेची इंजिनं त्यानंतर आली, हे कुणाला ठाऊकच नाही. मलाही चार वर्षं नव्हतं. मी आपला पारसिकच्या बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे फोटो गच्चीवरून काढायचो आणि तुम्ही शेजारी उभं राहून काही न बोलता बघायचात.

ऑक्टोबरात मुलीकडे इंग्लंडात लीड्सला गेलो तेव्हा एकच हट्ट होता. वाफेच्या इंजिनाची गाडी मेन लाइनवर, रोजच्या गाड्यांच्या मधून धावताना बघायची. प्रदर्शनात रंगवून उभं केलेलं इंजिन नको. तिकडे रेल्वेने वाफ बंद केली ती ११ ऑगस्ट १९६८ ला, शेवटची खास गाडी लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलपर्यंत नेऊन. नंतर तीनेक वर्षं मेन लाइनवर वाफेला जवळजवळ बंदीच होती. १९७१ मध्ये दार किलकिलं झालं आणि तेव्हापासून लोकांनी जपलेली इंजिनं सहलीच्या गाड्या ओढतायत. आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ पर्यंत टिकली, म्हणजे त्यांच्यापेक्षा सत्तावीस वर्षं जास्त. हे तिकडच्या लोकांना सांगताना मला उगाच अभिमान वाटायचा. जणू कोळसा मीच घातला होता.

तर पहिल्या दिवशी रिबलहेडला गेलो. रेल्वेचा चोवीस कमानींचा दगडी पूल, चारशे मीटर लांब, बत्तीस मीटर उंच. आजूबाजूला झाड नाही, घर नाही, नुसता वारा. दोन तास कुडकुडत उभा राहिलो. कार्लाइलहून परतणारी गाडी चारच्या सुमारास आली आणि आली कशी, तर घरंगळत. ना धूर, ना वाफ, ना आवाज. फोटोत असं वाटतं की पुलावर कुणीतरी खेळण्यातली गाडी ढकलून दिलीय. साठ फोटो काढले, साठही मेलेले.

तेव्हा तुम्हाला व्हिडिओ कॉल केला. तुमच्याकडे साडेआठ वाजले होते, मागे काकूंची मालिका चालू होती. मी कॅमेऱ्याची, लेन्सची, उजेडाची तक्रार सांगत होतो. तुम्ही मध्येच विचारलंत, "चढ कुणीकडे?"

मला सांगता येईना. दोन तास त्या पुलाखाली उभा होतो, पण रूळ कुठल्या बाजूला चढतात हे बघितलंच नव्हतं.

"अरे, उताराला वाफ कशाला जाळायची? रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप, बंद करून येत असेल तो. त्या वेळी फायरमन सुद्धा बसतो जरा." मग तुम्ही मला नकाशा उघडायला लावलात. सेटल जंक्शनपासून पुलापलीकडच्या ब्ली मूरच्या बोगद्यापर्यंत सुमारे चोवीस किलोमीटर, बहुतेक सगळा एकास शंभरचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तिकडे त्याला 'लाँग ड्रॅग' म्हणतात. तुम्ही हसलात. "आपल्या खंडाळ्याला एकास सदतीस आहे, कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. त्यापुढे हे काहीच नाही. पण बँकरशिवाय चोवीस किलोमीटर न संपणारा चढ म्हणजे काय, ते फायरमनच्या कमरेला विचार."

त्या अर्ध्या तासात जे शिकलो ते कुठल्याही कॅमेरावाल्याने मला कधी सांगितलं नव्हतं. गाडी चढावर असताना गाठायची, सकाळच्या गारठ्यात गाठायची, कारण गार हवेत वाफ पांढरी धरते आणि उन्हाळी दुपारी ती दिसायच्या आधीच विरते. रुमाल धरून वारा बघायचा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहायचं, नाहीतर वाफ डब्यांवर पडून अख्खी गाडी झाकते. काळा धूर बघून खूश व्हायचं नाही. "लोक टाळ्या वाजवतात काळ्या धुराला. आमचा ड्रायव्हर शिव्या द्यायचा." एकदम ढीगभर कोळसा ओतला की तो धड जळत नाही, तोच काळा धूर. थोडा थोडा, सारखा टाकत राहिलं की धूर करडा, पातळ येतो. आणि रूळ ओले असतील तर कान द्यायचा: चिमणीतून येणारे वाफेचे ठोके अचानक पळाले तर चाकं घसरली समजायचं, मग ड्रायव्हर पकड यावी म्हणून रुळावर वाळू सोडेल.

शेवटी एक अट घातलीत. कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. "फोटो चुकला तर चुकू दे. रुळाशेजारी माणूस दिसला की इंजिनातल्याच्या पोटात काय होतं, ते तुला नाही कळायचं." कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात इतकी वर्षं गाडी हाकलेल्या माणसाने हे सांगितल्यावर पुढे काही विचारायचं नसतं. मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी त्याच मार्गावरच्या हॉर्टन स्टेशनला उतरून चालत गेलो आणि तुम्ही नकाशात दाखवलेल्या चढावर, रस्त्याकडेच्या एका फाटकाशी थांबलो. दगडी बांध, मेंढ्या आणि घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले दोन आजोबा. त्यांनी थर्मासमधला चहा दिला, जो तुमच्या घरच्या चहापुढे गरम पाणी होता. एकाने गाव विचारलं. मी ठाणे म्हणालो आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीची गोष्ट सांगितली, चौदा डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. तो म्हणाला, तुमची ती पहिली इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची, न्यूटन-ले-विलोजची. म्हणजे शेजारच्या, तेव्हाच्या लँकेशरमधली. त्याला कारखाना माहीत होता, ठाणं माहीत नव्हतं. माझं नेमकं उलट.

तुम्ही दुपारची झोप मोडून फोनवर होतात. गाडी दिसायच्या आधी मिनिटभर आवाज आला. फोन फाटकावर धरला, तर तुम्ही म्हणालात, "ठोके फार दाट येतायत रे. दोन सिलिंडरची नाही ही." नंतर बघितलं तर खरंच. लिअँडर नावाचं जुबिली वर्गातलं इंजिन, १९३६ मध्ये क्रूच्या कारखान्यात बांधलेलं, तीन सिलिंडरचं. चाकाच्या एका फेऱ्याला सहा ठोके, तुमच्या डब्ल्यूपीचे चार. सात हजार किलोमीटरवरून, मोबाइलच्या भिकार स्पीकरवर तुम्ही ते ओळखलंत. मी समोर उभा असून मला नुसता आवाज ऐकू आला.

फोटो सांगायला हवा. गाडी उत्तरेला चाललेली, ऊन मागून, त्यामुळे इंजिनाचं तोंड काळं पडलंय. स्पर्धेत कुणी घेणार नाही असा फोटो आहे. पण वाफेत मागून ऊन शिरून ती पेटल्यासारखी दिसते आणि वाऱ्याने डब्यांपासून बाजूला झालीय, तुम्ही सांगितली होती तश्शी. माझ्या मते मी काढलेला हा सगळ्यात चांगला फोटो.

परवा त्याची मोठी प्रिंट तुमच्याकडे दिली. तुम्ही भिंग आणलंत. इंजिनाचा डौल, डोंगर, मेंढ्या, काही बघितलं नाहीत. आधी चिमणीवरचा धूर बघितलात, मग बॉयलरवर बोट ठेवलंत. "सेफ्टी व्हॉल्व्ह उडत नाहीये, म्हणजे जादा वाफ बाहेर सुटत नाहीये. चढावर आहे, तरी वाफ वाया घालवत नाहीये पोरगं. हात चांगला आहे त्याचा." आणि प्रिंट काकूंना दाखवायला आत घेऊन गेलात.

ती परत मागणार नाही. रविवारी सकाळी मामलेदारची मिसळ घेऊन येतो, तुमच्या दौंडच्या शेडबद्दल नीट विचारायचं आहे. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय हे मला माहीत नाही असं समजा.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा कॅमेरावाला