भिंतीपलीकडच्या आक्कांना

आक्का,

शि. सा. न. वि. वि.

गडहिंग्लजहून नाशिकला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. फोनवर आपलं बोलणं होतं, पण तुम्ही लगेच "बिल उठतंय, ठेव आता" म्हणता आणि मनातलं राहून जातं. शिवाय इथल्या मैत्रिणी माझी मिरचीची झाडं बघून "कुठून शिकलीस?" असं विचारतात. त्या सगळ्यांनाही कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

यांची बदली गडहिंग्लजला झाली तेव्हा मी जन्मात कधी माती चाळलेली नव्हती. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली मी. गडहिंग्लजच्या घरी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी दहा बाय चार फुटांची जमीन मिळाली, आणि आठवडी बाजारात संकेश्वरी मिरचीचे लालभडक ढीग बघून वाटलं, आपणही लावावी. डब्यातल्या वाळक्या मिरच्या फोडल्या, अंगठाभर खोल बी पुरलं, ते जानेवारीच्या थंडीत. काहीच उगवलं नाही. फेब्रुवारीत पुन्हा पेरलं, श्रीखंडाच्या डब्यात, खाली भोकं न पाडता. रोपं आली, मी हरखून सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले, आणि एका सकाळी सगळी आडवी. मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला. मी तो डबा हातात घेऊन मागच्या पायरीवर रडत बसले होते, तेव्हा तुम्ही भिंतीवरून वाकून पाहिलंत.

"लई पाणी झालंय. मायेनं मारलीस बघ त्यास्नी," म्हणालात. रागावला नाहीत. म्हणालात, "रोहिणी लागू दे. तवर गप ऱ्हा." रोहिणी म्हणजे मेअखेरचं नक्षत्र.

रोप मागितलं असतं तर तुम्ही दिलं असतंत, तुमच्या वाफ्यात शंभर होती. पण तुम्ही बी दिलंत, आणि त्याबद्दल मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. राखेत ठेवलेल्या तुमच्या मडक्यातलं जवारी (देशी) संकेश्वरीचं बी, मोजून चाळीस दाणे. हायब्रीड मिरचीचं बी धरून लावलं तर पुढच्या वर्षी तशीच मिरची येईल याचा भरवसा नसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रात्रभर कोमट पाण्यात फडक्याची पुरचुंडी, मग माती, चाळलेलं जुनं शेणखत आणि वाळू समसमान, आणि बी नखाच्या अर्ध्याइतकंच खोल. वर ओलं पोतं. "कोंब दिसला की पोतं त्याच घटकेला काढायचं, न्हाईतर लांबलचक हुत्यात," ही तुमची ताकीद मी पाटीवर खडूने लिहून ठेवली होती.

नवव्या दिवशी सकाळी पोतं उचललं. पांढऱ्या माना वाकवून रोपं वर येत होती, वाकलेल्या सुईसारखी. पुढच्या दोन दिवसांत एकतीस झाली. त्यातल्या एकाच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकून बसलं होतं आणि पानं उघडेनात. मी नखाने ओढायला गेले तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "वडू नगंस, मान मोडंल." बोटाच्या टोकावर पाण्याचा एक थेंब घेऊन तुम्ही तो टोपीवर ठेवलात. संध्याकाळी पुन्हा एक. दुसऱ्या दिवशी टरफल आपोआप गळून पडलं होतं आणि दोन पानं उघडी होती. आक्का, तुमची बोटं कामाने किती राठ झाली आहेत, आणि तो थेंब ठेवताना ती किती हलकी झाली होती! मी अजून ते विसरले नाही.

जुलैत, सहा आठवड्यांची रोपं झाल्यावर, ढगाळ संध्याकाळ बघून लावणी केली. दीड-दीड फुटावर एका ओळीत सहाच लावली, बाकीची आळीत वाटली. मी आधी लावलेली सिमला मिरची (तुमची ढबू) तुम्ही पार पलीकडच्या टोकाला हलवायला लावलीत, कारण मधमाशा एकीचा पराग दुसरीवर नेतात आणि बी भेसळतं. मिरचीचं फूल स्वतःच फळतं, हे खरं, पण माशी काही थांबत नाही.

ऑगस्टमध्ये पावसाने आठ-दहा दिवस ताण दिला आणि पानं आकसू लागली. तुम्ही पान उलटं करून दाखवलंत. कडा वर वळून द्रोण झाला तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी नावाची बारीक कीड. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, साबणाचा जरासा फेस घालून फवारायला शिकवलंत, पानाच्या पाठीवर, ऊन उतरल्यावर. चार झाडं सावरली. पण दोन झाडांचे शेंडे बारीक पानांच्या गुच्छासारखे झाले होते, वाढ खुंटलेली. तो बोकड्या रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि लागण झाल्यावर औषध नाही.

"उपट," तुम्ही म्हणालात.

माझ्याच्याने होईना. मी म्हटलं, आठवडाभर बघू. तुम्ही माझ्या शेजारी मातीत बसलात. "दोन घालवायची का सा?" एवढंच विचारलंत. मग मी उपटली आणि तुमच्या चुलीत जाळली. तुम्ही स्वतः उपटून टाकली असतीत तर दोन मिनिटांचं काम होतं. माझ्या हाताने होईपर्यंत तुम्ही अर्धा तास थांबलात. या वर्षी इथे एक झाड तसंच झालं, तेव्हा मी त्याच दिवशी काढलं, आणि बाकीची पाच वाचली.

उरलेल्या चार झाडांना सप्टेंबरअखेर मिरच्या लागल्या. हिरव्या रोजच्या फोडणीला जातच होत्या, त्या मी मोजल्या नाहीत. पिकलेल्या वाळवल्या त्या तीनशे चाळीस ग्रॅम भरल्या, आणि त्यांची कांदा-लसूण चटणी आपण दोघींनी तुमच्या उखळात कुटली. ब्याडगीचा रंग गडद असतो, पण झणका संकेश्वरीचाच. त्या चटणीची बरणी मी डोंबिवलीला आईकडे नेली. तिने भाकरीबरोबर एक घास खाल्ला आणि काही न बोलता दुसरी भाकरी घेतली.

बी काढताना माझे हात पेटले होते, ते आठवतं? मी नळाखाली धरत होते आणि आग वाढतच होती. तुम्ही गोडेतेल चोळलंत, मग ताक ओतलंत. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आणि तो जाळ खरं तर बियात नसतोच, बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेलं असतं तिच्यात असतो. मुलाच्या विज्ञानाच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मुलांसमोर मिरची चिरून दाखवली. म्हणजे तुमची शिकवणी आता नाशिकच्या एका वर्गातही झाली.

इथे उन्हाळ्यात ऊन फार चढलं की फुलं गळतात. मे महिन्यात तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुपारपुरतं जुनं लुगडं बांधलं, तेच, तुम्ही निरोप देताना बियाची पुडी बांधून दिली होतीत ते. गळ थांबली नाही, पण झाडं टिकली आणि पावसाला पुन्हा फुलली.

बी धरायची तुमची रीत मी मोडलेली नाही. सगळ्यात निरोगी झाड निवडायचं, त्यावरची मधल्या बहराची भरदार फळं झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायची, सावलीत वाळवायची. यंदा कोपऱ्यातल्या झाडाला लाल दोरा बांधला आहे. परवा मुलगा वरणाबरोबर खायला मिरची तोडायला गेला. हात त्या झाडापर्यंत गेला, दोरा दिसला, आणि तो शेजारच्या झाडाकडे वळला. आत येऊन मला म्हणाला, "ती आक्काआजीची आहेत ना, म्हणून नाही तोडली."

बी वाळलं की चाळीस दाणे मोजून पाठवते. तुमच्या मडक्यात टाका.

तुमची,
भिंतीअलीकडची