जपानची जुनी गाडी घेताय? आधी तिची कुंडली काढा

संपादक साहेब, नमस्कार.

न्यूझीलंडला शिकायला येणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनी वाचावं म्हणून लिहितोय, जमलं तर नक्की छापा. आम्ही ऑकलंडला राहतो, इथे गाडीशिवाय पान हलत नाही, त्यामुळे पोरं आल्या आल्या जपानहून आलेली दहा-बारा वर्षं जुनी गाडी बघायला लागतात, स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, धुऊन चकाचक केलेली, आणि भावही परवडणारा.

माझ्या भाच्याने अशीच एक टोयोटा ॲक्वा घेतली, एका खाजगी माणसाकडून. मीटरवर ६८ हजार किलोमीटर. मी बघायला गेलो, ड्रायव्हरचं दार उघडलं तर आतल्या खांबावर ऑइल बदलल्याचं छोटंसं जपानी स्टिकर, कोपरा सोललेला, त्यावर १,१२,००० आणि वर्षाच्या जागी नुसतं २. जपानमध्ये वर्ष सम्राटाच्या काळाप्रमाणे लिहितात, हेइसेई ३० म्हणजे २०१८ आणि रेइवा २ म्हणजे २०२०. म्हणजे २०२० मध्येच गाडी लाखाच्या पुढे पळालेली होती, मीटर मागे फिरवलेलं, आणि आमचा भाचा घरून आलेले पैसे मोजून मोकळा झालेला. विकणारा फोन उचलेना. डीलरकडून घेतली असती तर १९९३ चा ग्राहक हमी कायदा पाठीशी होता, गाड्यांच्या तक्रारींचं वेगळं ट्रायब्युनल आहे तिथे जाता आलं असतं, खाजगी सौद्याला तो कायदाच लागत नाही.

पोरं सगळ्यात जास्त फसतात ती वॉरंट ऑफ फिटनेसवर, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याच्या इथल्या दाखल्यावर. "मामा, वॉरंट नवीन आहे ना" हे मी इतक्यांदा ऐकलंय! अरे बाबांनो, त्यात टायर, ब्रेक, लाइट, सीटबेल्ट, गंज असं सुरक्षेपुरतं बघतात, इंजिन आणि गिअरबॉक्स बघतच नाहीत. त्यासाठी पैसे देण्याआधी बाहेरच्या मेकॅनिककडून वेगळी तपासणी करून घ्यावी लागते, त्याला जे काही डॉलर जातील ते जाऊ देत. हायब्रिड असेल तर बॅटरी तपासायला आवर्जून सांगा, मोठा खर्च तिथेच निघतो. आणि गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर समजायचं की तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीय, थंड इंजिन कसं सुरू होतं तेच तर ऐकायचं असतं. खाली वाकून गंजही बघा, जपानच्या उत्तरेला होक्काइडोकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं.

इतिहासासाठी जपानच्या लिलावाचा कागद मागा, ऑक्शन शीट म्हणतात त्याला. त्यावर गाडीला ४, ३.५ असे मार्क असतात, आर किंवा आरए असेल तर अपघातानंतर दुरुस्त केलेली. गाडीच्या चित्रावर ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, दोन एक्स म्हणजे पार्ट बदललेला. पण विकणाऱ्याने हातात दिलेल्या कागदावर जाऊ नका, चॅसिस नंबर घेऊन स्वतः काढा, आणि गाडीवर कुणाचं कर्ज बाकी नाही ना तेही सरकारी रजिस्टरमध्ये बघा, नाहीतर कर्ज देणारा गाडी उचलून नेतो.

पोरांना या गोष्टी माहीत नसतात आणि विचारायला लाजतात. तुम्ही तिकडून पैसे पाठवण्याआधी फोनवर एवढंच विचारा, मेकॅनिकला दाखवली का? इथल्या मराठी मंडळींना सांगितलं तर शनिवारी कुणी ना कुणी सोबत येतं, आम्हीही येऊ.

एक वाचक, ऑकलंड