नवशिक्यांचा प्रोग्रॅम म्हणून पैसे घेतले आणि शिकवलं काहीच नाही : तक्रार आणि पैसे परत करण्याबाबत

नमस्कार,

हे पत्र तुमच्या कस्टमर केअरसाठी नाही, ज्यांनी हा बिगिनर ट्रॅक डे प्रोग्रॅम (रेसच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचा दिवस) आखला आणि त्याची जाहिरात लिहिली त्यांच्यासाठी आहे, कारण कस्टमर केअरकडून मला फिरून फिरून एकच उत्तर येतंय की तुम्हाला ट्रॅक टाइम पूर्ण मिळालाय त्यामुळे रिफंड बसत नाही. पण मी पैसे ट्रॅक टाइमसाठी भरलेच नव्हते, शिकवण्यासाठी भरले होते.

मी राहतो पुण्यात. तिथून कोइम्बतूर म्हणजे साधारण बाराशे किलोमीटर, आणि एवढ्या लांब स्वतःची पोलो चालवत यायचं ठरवलं ते नीट चौकशी करूनच. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, मागची सरळ पट्टी एक किलोमीटरच्या वर आहे, नवखा माणूस तिथे शेवटाला येतो तोवर गाडीचा स्पीड इतका चढलेला असतो की शिकणं बाजूलाच राहतं आणि ब्रेक कुठून मारायला घ्यायचा हीच धास्ती लागते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटर, तोसुद्धा चांगला फास्ट. त्यामानाने तुमचा प्रोग्रॅम होता तो कोइम्बतूरजवळच्या चेट्टीपाळयमचा करी मोटर स्पीडवे साधारण २.१ किलोमीटरचा, म्हणजे चुकलेला कॉर्नर दोनेक मिनिटांत परत समोर येतो आणि आत्ताच सांगितलेलं लगेच करून बघता येतं. शिकायला हीच जागा बरोबर असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. ट्रॅकबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असणाऱ्या मार्शल लोकांबद्दल तर अजिबात नाही, उन्हात उभं राहून ते आपलं काम चोख करत होते.

आता तुमच्या जाहिरातीत काय होतं ते बघा, माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत. एका इन्स्ट्रक्टरमागे दोनच जण. इन्स्ट्रक्टर शेजारच्या सीटवर बसणार. आधी वर्ग, मग मोकळ्या जागेत कोन (प्लास्टिकचे शंकू) लावून ब्रेकिंगचा सराव, मग ट्रॅक. नवशिक्यांचा ग्रुप वेगळा आणि ओव्हरटेक फक्त सरळीत, तेही पुढच्याने हात दाखवला तरच. हे वाचूनच मी तुम्हाला निवडलं, नाहीतर यापेक्षा स्वस्त पर्याय होते, पण त्यांनी निदान सरळ लिहिलं होतं की हा ओपन ट्रॅक डे आहे, शिकवणार नाही. बुकिंगच्या आधी फोन करून इन्स्ट्रक्टर गाडीत बसणार ना हे मी मुद्दाम विचारलं, तर तुमचा माणूस म्हणाला हो सर शंभर टक्के.

प्रत्यक्षात ब्रीफिंग उरकलं रजिस्ट्रेशनची रांग चालू असतानाच, निम्मे लोक बाहेर कागद भरत होते. फ्लॅग कुठला कशाचा हे एका दमात सांगून टाकलं. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू होऊन पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत) या, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, हे ज्याला पहिल्यांदा ट्रॅकवर उतरायचंय त्याच्या डोक्यात पक्कं बसल्याशिवाय त्याला पिट लेनच्या बाहेर सोडायचंच नसतं. कोनचा सराव वेळ कमी आहे म्हणून रद्द. आणि ग्रुप वेगळा नव्हताच, आमच्याबरोबर स्लिक टायर (रेसिंगचे, नक्षी नसलेले) लावलेल्या गाड्या होत्या, आणि ज्यांना इन्स्ट्रक्टर म्हणून तुम्ही ओळख करून दिली त्यातले एकजण आमच्याच सेशनमध्ये स्वतःच्या गाडीत स्वतःचे लॅप मारत होते! माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी होती. दुपारी मी स्वतः जाऊन विचारलं तर म्हणाले आधी जरा हात बसू द्या, मग बघू.

एक प्रसंग सांगतो म्हणजे मी एवढा का चिडलोय ते कळेल. आमच्यात कॉलेजची एक मुलगी होती, वडिलांची स्विफ्ट घेऊन आलेली. कॉर्नरच्या मधोमध असताना तिच्या मागे एक गाडी अगदी चिकटून आली, आवाजाने ती दचकली आणि तिने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. बस, तेवढंच. वळणात असं झटक्यात पाय काढला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागची बाजू बाहेर निघते, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. तिची गाडी गरकन फिरून गवतात गेली. नशीब कशाला आपटली नाही. पिटमध्ये आली तेव्हा तिला हेल्मेटचा पट्टा सोडवता येत नव्हता इतके हात थरथरत होते, आणि तुमच्या माणसाने काय सांगितलं, तर होतं असं पहिल्यांदा. शेजारी कुणी बसलेलं असतं तर म्हणालं असतं की मागच्याकडे बघू नको, तुझी लाइन सोडू नको, पाय तसाच ठेव, सरळीत आल्यावर हात दाखव आणि जाऊ दे त्याला. एवढ्या एका वाक्यासाठीच तर माणूस इन्स्ट्रक्टरचे पैसे देतो. पोहायला शिकवतो सांगून विहिरीत ढकलून द्यायचं आणि वर टाइम पूर्ण दिला म्हणायचं, हे बरोबर नाही.

गाड्यांची तपासणी तर नुसती स्टिकर चिकटवण्यापुरतीच होती. ब्रेक फ्लुइड कधी बदललं हे कुणालाही विचारलं नाही. डॉट ४ फ्लुइड नवं असताना कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि मग हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते, ट्रॅकवर तेवढी उष्णता व्हायला वेळ लागत नाही आणि पेडल मऊ पडून खाली जातं. मी निघायच्या आधी बदलून घेतलं होतं, पण माझ्या बाजूला उभा असलेल्या मुलाला हे माहीतच नव्हतं, आणि त्याला माहीत असावं अशी अपेक्षाही नाही, तो शिकायलाच आला होता. सेशन संपल्यावर एक लॅप हळू मारून ब्रेक थंड करायचे आणि तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावायचा नाही, हेही आम्हाला चहा पिताना दुसऱ्या एका पार्टिसिपंटने सांगितलं.

इन्शुरन्सचं तर तुम्ही अवाक्षर काढलं नाही. आपल्याकडच्या कार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, म्हणजे ट्रॅकवर गाडी ठोकली तर क्लेम मिळेल असं धरून चालता येत नाही, हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. त्याऐवजी सकाळी गेटवर एक फॉर्म हातात दिला, सही करा नाहीतर आत सोडणार नाही म्हणाले. बाराशे किलोमीटर आलेला माणूस काय करणार, सही करणारच. पण त्या सहीने जाहिरातीत कबूल केलेलं शिकवणं माफ होत नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत. एक तर प्रोग्रॅमची पूर्ण फी परत करा, पेट्रोल आणि हॉटेलचे पैसे मी मागत नाहीये. दुसरं, इन्स्ट्रक्टर गाडीत बसणार नसेल तर जाहिरातीतून 'बिगिनर' आणि 'प्रशिक्षण' हे शब्द आजच काढा. तिसरं, पुढच्या बॅचमध्ये नवशिक्यांचं सेशन खरोखर वेगळं ठेवा आणि फ्लॅग नीट समजल्याशिवाय कुणालाही ट्रॅकवर सोडू नका. तिसरी मागणी पैशांपेक्षा महत्त्वाची आहे, त्यावर मला लेखी उत्तर पाहिजे.

पंधरा दिवस वाट बघेन. नाही आलं उत्तर तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार मी राहतो तिथेच करता येते, त्यासाठी मला परत कोइम्बतूर गाठायची गरज नाही. पावती, स्क्रीनशॉट आणि फोनच्या तारखा सोबत जोडल्या आहेत. त्या मुलीने आणि आणखी काहीजणांनीही लिहून द्यायची तयारी दाखवली आहे.

कळावे,
तुमच्या बिगिनर बॅचमधला एक ग्राहक, पुणे