आनिबाल एस्कालांतेबद्दल मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझा लेखाचा आराखडा मिळाला. क्यूबातला जुना कम्युनिस्ट नेता आनिबाल एस्कालांते याचं सगळं आयुष्य ‘फिदेल कास्त्रोविरोधी कटवाला’ या एका शिक्क्याखाली टाकू नकोस. हा माणूस सत्तेच्या वर्तुळातून दोनदा पडला, १९६२ मध्ये आणि १९६८ मध्ये, आणि दोन्ही वेळची कारणं अगदी निराळी आहेत.

सुरुवात पत्रकारितेपासून कर. १९०९ चा जन्म, हवानात कायद्याचं शिक्षण, १९३२ मध्ये कम्युनिस्ट पक्षात प्रवेश. १६ मे १९३८ रोजी पक्षाचं दैनिक ‘नोतिसियास दे ओय’ निघालं, त्याचा पहिला संपादक हाच. लोक या दैनिकाला नुसतं ‘ओय’ म्हणत. संप, वेतन, कामगार संघटना हा या दैनिकाचा जीव. पुढे फिदेलच्या चळवळीचं ‘रेव्होलुसिओन’ हे दैनिक चालवणारा कार्लोस फ्रांकीही आधी याच दैनिकात होता. इथे एक अवघड गोष्ट टाळू नकोस. १९४० च्या निवडणुकीत पक्षाने पुढे हुकूमशहा झालेल्या बातिस्ताला पाठिंबा दिला होता, आणि फिदेलने १९५३ मध्ये मोंकादा या लष्करी छावणीवर केलेल्या हल्ल्याला पक्षाने उतावळं साहस ठरवलं. तरीही त्या हल्ल्यानंतर बातिस्ताने ‘ओय’ बंद केलंच. पुढे फिदेलसोबत डोंगरात बातिस्ताविरुद्ध लढलेल्यांच्या मनात जुन्या कम्युनिस्टांविषयी जी अढी होती, ती इथली आहे.

आता मुख्य भाग. यावर लेखातली निम्मी जागा गेली तरी चालेल. १९५९ च्या क्रांतीनंतर, जुलै १९६१ मध्ये फिदेलची २६ जुलै चळवळ, जुना कम्युनिस्ट पक्ष (तेव्हा त्याचं नाव पीएसपी, म्हणजे लोकप्रिय समाजवादी पक्ष, असं होतं) आणि १३ मार्चचं दिरेक्तोरिओ ही विद्यार्थ्यांची क्रांतिकारी संघटना या तिघांचं मिळून ओआरआय (एकात्मिक क्रांतिकारी संघटना) झालं. संघटन सचिव एस्कालांते. चळवळीकडे लोकप्रियता अफाट होती, पण शाखा, सदस्य-नोंदी, होलटायमर (पूर्णवेळ कार्यकर्ते) यांची सवय नव्हती. पीएसपीकडे ती तीस-पस्तीस वर्षांची होती. त्यामुळे कारखान्यात किंवा खात्यात शाखा बांधायची वेळ आली की सचिव वरून नेमला जाई, तो ओळखीच्या जुन्या कॉम्रेडांना आत घेई, आणि सोबतच्या कामगारांना कोणी विचारत नसे. सदस्य कोण, हेसुद्धा बऱ्याच ठिकाणी गुप्त. मग शाखा कारभारात हात घालू लागली: बदल्या, नेमणुका, बढत्या. व्यवस्थापकाला निर्णयासाठी शाखेच्या दारात उभं राहावं लागे. जबाबदारी एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा, तिथे काम अडणारच.

तारखा नीट लाव. ९ मार्च १९६२ ला ओआरआयचं २५ जणांचं राष्ट्रीय नेतृत्व जाहीर झालं, त्यात एस्कालांते आहे. १२ मार्चला रेशनिंगचा कायदा. त्यानंतर जाहीर झालेल्या सहा जणांच्या सचिवमंडळात फिदेल, त्याचा भाऊ राऊल, चे गेव्हारा, राष्ट्राध्यक्ष दोर्तिकोस, आरागोनेस आणि पीएसपीचा ब्लास रोका; एस्कालांते नाही. २६ मार्चला फिदेलने टीव्हीवरून संकीर्णतावादावर, म्हणजे आपल्याच गटाच्या लोकांना पुढे करण्याच्या वृत्तीवर, दीर्घ भाषण केलं आणि एस्कालांतेचं नाव घेतलं. हे भाषण पूर्ण वाच, उताऱ्यांवर भागवू नकोस. आपण मुक्त क्रांतिकारकांची संघटना बांधत नव्हतो, शिकवून पाळीव केलेल्यांची फौज उभारत होतो, असा त्याचा रोख आहे. मला ती टीका बरोबर वाटते, पण सगळा दोष एकट्या माणसावर घालणं मान्य नाही. ती पद्धत चालू असताना बाकीचं नेतृत्वही तिथेच होतं.

दुरुस्ती काय झाली, तेही लिही, कारण लेखक ते बहुधा गाळतात. नंतर प्रत्येक कामाच्या जागी आमसभा भरवून कामगारांनी आदर्श कामगार निवडायचे आणि त्यांतून पक्षाने सदस्य घ्यायचे, असं ठरलं. ऑक्टोबर १९६५ मध्ये शंभर जणांची केंद्रीय समिती आणि क्यूबाचा कम्युनिस्ट पक्ष हे आजचं पक्षनाव आलं. ‘ओय’ आणि ‘रेव्होलुसिओन’ एकत्र होऊन ‘ग्रान्मा’ हे पक्षाचं दैनिक निघालं.

दुसरं पतन निराळं. १९६२ नंतर एस्कालांते सोव्हिएत संघात गेला, १९६४ मध्ये परतला आणि एका शेती-केंद्राचा कारभार पाहू लागला. हातात सत्ता नव्हती. जानेवारी १९६८ मध्ये राऊलने केंद्रीय समितीपुढे ‘मायक्रोफ्रॅक्सिओन’चा, म्हणजे एस्कालांतेभोवतीच्या छोट्या गटाचा, अहवाल मांडला. आरोप असे: जुन्या साथीदारांत नैतिक प्रोत्साहनांवर (पैशाऐवजी क्रांतिनिष्ठेच्या बळावर काम करून घेण्यावर) आणि लॅटिन अमेरिकेतल्या गनिमी लढ्यांना पाठिंबा देण्याच्या धोरणावर टीका करणं, आणि सोव्हिएत व पूर्व युरोपीय प्रतिनिधींकडे ती पोचवणं. एस्कालांतेला १५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात क्यूबात पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं होतं, मॉस्कोशी संबंध ताणलेले होते. ही पार्श्वभूमी सोडली तर खटला समजत नाही. ऑगस्टमध्ये फिदेलने चेकोस्लोव्हाकियातल्या सोव्हिएत कारवाईची बाजू घेतली, १९७२ मध्ये क्यूबा कोमेकॉन या सोव्हिएत गटाच्या आर्थिक संघटनेत गेला. एस्कालांते ११ ऑगस्ट १९७७ ला हवानात वारला.

म्हणून १९६२ च्या आरोपाला सत्तेच्या गैरवापराचा पुरावा माग, आणि १९६८ च्या आरोपाला मतभेद हा गुन्हा कसा ठरला हे विचार. दोन्हींना एकच मोजमाप लावलंस तर लेख फसेल. सुधारलेला खर्डा पाठव, तारखा मी तपासून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश