‘मागे वाजवणाऱ्यांची’ नावे गाळल्याबद्दल तक्रार

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जॅझ अल्बमांवरील वादकांची गाळलेली व चुकीची नावे आणि त्याविषयी फोनवर मिळालेले उत्तर

महोदय,

काल दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे पाचव्यांदा बोलणे झाले. अठ्ठावीस मिनिटांचा तो फोन मी ठेवण्यापूर्वीच ‘ग्राहकाचे समाधान झाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे’ असा संदेश माझ्या मोबाइलवर आला. माझे समाधान झालेले नाही. गेल्या सात आठवड्यांत एकदाही झालेले नाही, आणि यापुढे आपल्या केंद्राला फोन करण्याची माझी तयारी नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यात पियानो शिकवते. वर्षभराची वर्गणी एकरकमी भरून मी आपल्या संगीत ऐकण्याच्या अ‍ॅपची सेवा घेतली, ती आपण जाहिरातीत दिलेल्या एका आश्वासनावर विसंबून : प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत त्यातल्या प्रत्येक वादकाची नोंद मिळेल. माझ्या वर्गात मुलांनी जॅझ नुसते कानावर पडू द्यायचे नसते. कोण वाजवतो आहे, त्याच्या आधी कोण वाजवून गेला आणि तो वाजवत असताना बाकीचे काय करत आहेत, हे त्यांनी ऐकून वहीत लिहायचे असते. जॅझमध्ये तीच धून दुसऱ्या माणसाच्या हाती गेली की दुसरी होते. त्यामुळे वादकाचे नाव हा त्या संगीताचाच भाग आहे, आणि आपण नेमका तोच भाग गाळला आहे.

उदाहरणासाठी कानाकोपऱ्यातला अल्बम शोधण्याची गरज नाही. अमेरिकी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ आपल्या जॅझ विभागात सर्वांत वर झळकतो. हे ध्वनिमुद्रण १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवशी न्यूयॉर्कमधल्या तिसाव्या रस्त्यावरच्या, पूर्वी चर्च असलेल्या स्टुडिओत झाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तबकडी बाजारात आली. आपण त्यापुढे वर्ष दाखवता १९९७, कारण आपल्याकडची प्रत त्या वर्षीच्या नव्या मास्टरिंगची, म्हणजे जुन्याच ध्वनिमुद्रणावर नव्याने तांत्रिक संस्कार करून काढलेली आहे. या अल्बमवरचा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९६७ च्या जुलैत गेला. तो मृत्यूनंतर तीस वर्षांनी टेनर सॅक्सोफोन वाजवतो आहे असा अर्थ एखाद्या नवख्या मुलाने काढला, तर दोष त्या मुलाचा नाही.

या अल्बमवर एकूण सात माणसे आहेत : ट्रम्पेटवर माइल्स, टेनरवर कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल अ‍ॅडरली, डबल बासवर (उभे धरून वाजवायच्या, खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर) पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब, पियानोवर बिल इव्हान्स आणि फक्त ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एका रचनेसाठी पियानोवर विंटन केली. आपल्या अ‍ॅपमध्ये ‘माहिती’वर बोट ठेवले की पाचही रचनांखाली माइल्सच्या जोडीला एकच नाव येते, बिल इव्हान्स. म्हणजे पाच माणसे पूर्णपणे गायब आहेत आणि जो एक उरला आहे, त्याच्या नावावर दुसऱ्याचे वादन चढवलेले आहे. ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये मुखडा संपताच सर्वांत आधी पियानो पुढे येतो. तो ऐटदार, ब्लूजमध्ये मुरलेला, पाय ठेका धरल्याशिवाय राहणार नाही असा हात केलीचा आहे. इव्हान्सचा हात ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये ऐकावा; तिथे एकेक स्वरसंगती (कॉर्ड) पाण्यावर ठेवल्यासारखी येते. या दोन हातांतला फरक मुलांना ऐकू यावा म्हणून मी हा अल्बम शिकवते, आणि आपण दोघांवर एकच नाव लावून ठेवले आहे.

एवढ्यावरही भागले नाही. त्या ‘बिल इव्हान्स’ नावावर बोट ठेवले की पान उघडते ते त्याच नावाच्या सॅक्सोफोनवादकाचे. माझ्या एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने वहीत सुबक अक्षरात लिहून आणले : ‘बिल इव्हान्स. १९५९ मध्ये पियानो वाजवला. १९८१ मध्ये माइल्सबरोबर पुन्हा आला, तेव्हा सॅक्सोफोन वाजवू लागला होता.’ खाली दोन रेघा मारून त्याने ‘एकच माणूस, दोन वाद्ये!’ असे लिहिले होते. हा शोध आपला आपण लागल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. मी लाल पेनाने काट मारली, तेव्हा त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “ताई, पण यात तसंच दिलंय.” पियानोवादक बिल इव्हान्स १५ सप्टेंबर १९८० रोजी वारला. सॅक्सोफोनवादक बिल इव्हान्स १९५८ सालचा, म्हणजे ‘काइंड ऑफ ब्लू’ झाला तेव्हा तो पाळण्यातले मूल होता. हे मी समजावून सांगितले आणि मुलाने मुकाट्याने ते पान फाडले. त्याने मन लावून ऐकले होते, मन लावून लिहिले होते. चूक आपली होती आणि खजील तो झाला.

आता कालच्या फोनविषयी. तो जसा झाला तसा लिहिते, कारण आपल्या नोंदीत त्याचा फक्त ‘समाधान झाले’ एवढाच शेरा उरला आहे.

सुरुवातीची नऊ मिनिटे माझा नंबर, वर्गणीचा प्रकार आणि मोबाइलचे मॉडेल सांगण्यात गेली. ही माहिती मी आधीच्या चारही वेळा दिली होती. मग आपल्या प्रतिनिधीने विचारले, “मॅडम, या गाण्याचा गायक कोण आहे?” गायक नाही, हे वादन आहे, असे मी सांगितले. तो म्हणाला, “ठीक आहे, पण मुख्य कलाकाराचं नाव दिसतंय ना?” दिसते, बाकीच्या पाच जणांचे दिसत नाही, असे मी म्हणाले. त्यावर तो अगदी सहजपणे म्हणाला, “बाकीचे मागे वाजवणारे असतात, मॅडम. त्यांची नावं कोणी शोधत नाही.”

मी शोधते आहे, असे मी सांगितले. माझे बारा विद्यार्थी शोधत आहेत, असेही सांगितले. त्याने मला थांबायला सांगितले आणि सहा मिनिटे आपल्या जाहिरातीची धून माझ्या कानात वाजत राहिली. परत आल्यावर तो म्हणाला, “वरिष्ठांशी बोललो. तुम्हाला ऑडिओ नीट ऐकू येतोय ना? मग आमच्या बाजूने काही अडचण नाही.”

तेव्हा मी त्याला विनंती केली की, आपल्याच अ‍ॅपवर ‘सो व्हॉट’ लावा आणि पहिला दीड मिनिट माझ्याबरोबर ऐका. आधी पियानो आणि बास चाचपडल्यासारखे हळूहळू येतात. मग लय धरली जाते आणि मुखडा सांगायला लागतो तो पॉल चेंबर्सचा बास. दर वाक्यानंतर बाकीचे फक्त दोन स्वरसंगतींत त्याला होकार देतात. ज्या रचनेने हा अल्बम सुरू होतो तिचा मुखडाच बासवाल्याच्या तोंडी आहे, मग यात पुढे कोण आणि मागे कोण, ते तुम्हीच मला सांगा, असे मी म्हणाले. थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “मॅडम, माझ्या स्क्रीनवर तो पर्याय नाही. मी तुम्हाला एक महिना मोफत देऊ शकतो.”

त्या प्रतिनिधीवर माझा राग नाही. त्याच्यापुढे आपण जे रकाने ठेवले, त्यांतच तो बोलत होता. पण रकाने ठरवणारे आपण आहात, आणि जॅझ विकणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठांना सहा मिनिटे विचार करून ‘ऐकू येते ना’ एवढेच सुचावे, याचा मला संताप आला आहे. मोफत महिना मला नको. चुकीची नावे आणखी एक महिना फुकट वाचून मी काय करू?

‘मागे वाजवणारे’ हा शब्द रात्रभर माझ्या डोक्यातून गेला नाही. बिल इव्हान्सच्याच त्रिकुटाचे ध्वनिमुद्रण घ्या. २५ जून १९६१ च्या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये इव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन आणि बासवर स्कॉट लाफारो यांनी वाजवले. त्यानंतर अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय अवघे पंचवीस. त्या दिवसाच्या वादनातून ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा अल्बम निघाला, त्याची सुरुवात आणि शेवट लाफारोच्याच रचनांनी होतो आणि मुखपृष्ठावर इव्हान्सच्या बरोबरीने त्याचेही नाव छापलेले आहे. आपल्या अ‍ॅपमध्ये त्या पानावर लाफारो हे नाव कुठेच नाही. पहिल्या रचनेखाली रचनाकाराची जागा कोरी आहे. तरुण मित्राच्या आठवणीसाठी ज्यांनी तो अल्बम तसा जुळवला, त्यांचे काम आपण एका रिकाम्या रकान्याने पुसून टाकले आहे.

दुसरीकडे, पुढचा माणूस मागे बसला की तोही आपल्याला सापडेनासा होतो. १९५८ चा ‘समथिन एल्स’ हा अल्बम कॅननबॉल अ‍ॅडरलीच्या नावावर आहे आणि त्यात साथीला ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस आहे. आपल्याकडे माइल्सच्या पानावर तो अल्बम येत नाही. त्याच अल्बमवर पियानोला हँक जोन्स, बासला सॅम जोन्स आणि ड्रम्सला आर्ट ब्लेकी आहेत. आपण तिथे ‘जोन्स’ एवढेच लिहिले आहे. कोणता जोन्स? हे दोघे नात्यातलेही नव्हते. हँकचे भाऊ थॅड आणि एल्विन, शिवाय ड्रम्सवरचा फिली जो, हे सगळे जोन्स आपल्या यादीत एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि एल्विनच्या ड्रम्सचा अभ्यास करायला बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीला तुमच्या शोधपट्टीने हँकचा पियानो ऐकवला.

आपल्या प्रतिनिधीने असेही सुचवले की, ‘आपल्याकडच्या श्रोत्यांना’ हे तपशील लागत नाहीत. हे ऐकून मला सर्वांत जास्त वाईट वाटले. या शहरात सवाई गंधर्व महोत्सवात निवेदक तबला आणि पेटीच्या साथीदारांची नावे सांगतो, तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांचीही सांगतो, आणि श्रोते त्यांनाही टाळ्या देतात. आपल्याकडच्या श्रोत्यांना साथीदाराचे नाव लागत नाही, हे पुण्यातल्या माणसाला कोणी सांगू नये.

नावे गाळली की काय होते, हेही आपल्याकडच्या श्रोत्यांना चांगले ठाऊक आहे. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला त्याचा वाद्यवृंद दिला. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्रांबरोबर काम केले, सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशनांसाठी वर्षानुवर्षे संयोजन केले, आणि तरीही ती गाणी गुणगुणणाऱ्या कितीतरी घरांत ही नावे कधी पोहोचलीच नाहीत. शंकर-जयकिशनांचा १९६८ चा ‘रागा जॅझ स्टाइल’ हा अकरा रागांवरचा अल्बम आपल्याकडे आहे. त्यात सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा आणि ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो आहेत. आपल्या पानावर यांपैकी एकही नाव नाही. आमच्या मागच्या पिढीने ही माणसे एकदा विसरली. ती नावे अभ्यासकांनी आणि जुन्या वादकांच्या कुटुंबीयांनी कष्टाने पुन्हा जमवली, आणि आपण ती दुसऱ्यांदा गाळत आहात.

आपल्या सेवेचा आवाज चांगला आहे, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. जिमी कॉबने ड्रमवर ब्रश फिरवला की त्याची खरखर माझ्या खोलीत ऐकू येते. म्हणूनच माझी निराशा मोठी आहे. ज्या माणसाचा ब्रश इतका स्वच्छ ऐकवता येतो, त्याचे नाव लिहायला किती जागा लागते?

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. ‘समाधान झाले’ हा शेरा काढून माझी तक्रार पुन्हा उघडावी आणि मला तसे लेखी कळवावे. वर लिहिलेल्या सर्व अल्बमांवरील नावे आणि वर्षे तीस दिवसांच्या आत दुरुस्त करावीत. दोन्ही बिल इव्हान्सांची पाने वेगळी करावीत. प्रत्येक वादकाची नोंद देणे आपल्याला जमणार नसेल, तर ते आश्वासन जाहिरातीतून आजच काढावे आणि उरलेल्या सात महिन्यांची वर्गणी परत करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. पाचही फोनच्या तारखा, वेळा आणि आपल्याकडून आलेले संदेश मी जपून ठेवले आहेत. विद्यार्थ्याने फाडलेले वहीचे पानही माझ्याकडे आहे. त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

कृपया यापुढे मला फोन करू नये. उत्तर लेखीच द्यावे, आणि ते लिहिणाऱ्याने त्याखाली आपले नाव घालावे.

आपली वर्गणीदार,
एक पियानोशिक्षिका, पुणे