स्वस्त पब आला तर गल्ल्यात चावी कोण ठेवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या शहरांतल्यासारखे स्वस्त दराचे साखळी पब सोलापुरात यावेत की नकोत, यावर आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात आठवडाभर वाद चालला आहे. तरुण मंडळी म्हणतात, यावेत. बाकीचे कानावर हात ठेवतात. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही, म्हणून हे पत्र.

चादरीच्या कारखान्यात मी ३२ वर्षं दिवाणजी होतो. पगार माझ्या हातून वाटला जायचा, त्यामुळे पगाराच्या संध्याकाळी कोणाची पावलं कुठे वळतात हे मला चांगलं ठाऊक आहे. मी स्वतःही कधीमधी बिअर घेतो, ते लपवत नाही.

गेल्या वर्षी मुलाकडे इंग्लंडला, लेस्टरला दोन महिने राहिलो. तिथे वेदरस्पून नावाची स्वस्त पबची मोठी साखळी आहे. टिम मार्टिन नावाच्या माणसाने १९७९ साली लंडनमध्ये पहिला पब काढला, आता देशभर शेकडो आहेत. जुनी थिएटरं, बँकांच्या रिकाम्या इमारती घेऊन त्यांत पब थाटलेत. मुलगा मला भर दुपारी तिथे घेऊन गेला तेव्हा मी अवघडलो होतो. आत पाहतो तर लख्ख उजेड, गाणीबिणी काही नाहीत. शेजारच्या टेबलावर दोन आजीबाई चहा पीत बसलेल्या. कॉफीचा कप एकदा विकत घ्या आणि हवा तितक्या वेळा भरून घ्या. एक म्हातारा एक ग्लास बिअर घेऊन तासभर पेपर वाचत होता आणि ‘अजून काय आणू?’ म्हणून कोणी त्याच्या डोक्यावर येऊन उभं राहिलं नाही. एकट्या माणसाला थोड्या पैशांत ऊबेला, चार माणसांत बसता येतं, हा त्या स्वस्ताईचा मोठा फायदा मी डोळ्यांनी पाहिला.

आता आपल्याकडे बघा. परमिट रूमच्या दाराला काळी काच, आत निळा-लाल मिणमिणता दिवा. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, मग मेनूवरचा दर कुठून दिसणार! जेवण मागवायच्या आधी दुसरा पेग येतो आणि चकणा म्हणून मीठ लावलेले शेंगदाणे, म्हणजे तहान आणखी वाढणार. त्यात नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं आणि इथेच बनणाऱ्या विदेशी दारूच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत २०५ रुपयांवर गेली. पिणारा थांबला का? नाही. त्याने बसायची जागा बदलली. वाईन शॉपमधून क्वार्टर घ्यायची, पाण्याचा पाऊच घ्यायचा आणि भुर्जीच्या गाडीमागे अंधारात उभ्या-उभ्या प्लास्टिकच्या ग्लासात संपवायची. पाच मिनिटांत, रिकाम्या पोटी. असं पिणं सगळ्यात वाईट. परवडणाऱ्या दरात बसून, जेवून पिता येईल अशी जागा असती तर यातले निम्मे तरी तिथे गेले असते, असं मला मनापासून वाटतं.

तरीही साखळी पब म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्याचं कारण सांगतो.

आमच्या कारखान्याजवळ एक लहान बार होता. मालक दर संध्याकाळी स्वतः गल्ल्यावर बसायचा. गिऱ्हाइकाची जीभ जड झाली की म्हणायचा, “बास झालं की अण्णा, जावा आता घरला.” मोटारसायकलची चावी काढून घ्यायचा, गल्ल्यात टाकायचा आणि ओळखीच्या रिक्षात बसवून द्यायचा. चावी सकाळी मिळायची. पगाराच्या दिवशी तर दोघा-तिघांचं पाकीट त्याने त्यांच्या घरी पोचवलेलं मला माहीत आहे. तो बार आता बंद झाला. त्यानंतर माझा एक सहकारी हायवेवरच्या एका बारला जाऊ लागला. तिथे दोन बिअरवर एक फुकट होती. तिसरी फुकटची म्हणून प्यायला आणि दुचाकीवर निघाला. घरी पोचला नाही. त्याच्या फंडाचे कागद मीच भरले. सही करताना वहिनींनी एवढंच विचारलं, “कुणी थांबवलं कसं नाही हो?”

साखळी पबमध्ये वेटर दर दोन महिन्यांनी बदलणार, मालक कुठल्या तरी दूरच्या शहरात. अण्णा कोण आणि त्यांना किती झेपते, हे कोण ओळखणार? दर कमी ठेवायचा म्हणजे खप वाढवावाच लागतो आणि खप वाढतो तो तिसऱ्या-चौथ्या ग्लासावर. इंग्लंडमध्येही स्वस्त साखळ्यांसमोर गल्लीतल्या पबांना तग धरणं कठीण जातं. शिवाय आपल्याकडे बिअरला २१ आणि इतर दारूला २५ वर्षांची अट आहे. कॉलेजच्या पोरांचं वय दारातच बघणार का?

हे गाव दारूकडे सहज बघत नाही, बघूही नये. मे १९३० मध्ये रूपाभवानी मंदिराजवळची शिंदीची झाडं, ज्यांच्या रसाची दारू होते ती, तोडायला सोलापूरकर निघाले, गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे फासावर गेले. चार पुतळ्यांसमोरून जाताना आजही माझा हात आपोआप जोडला जातो. म्हणून कोणी परवाना मागायला आलं तर उत्पादन शुल्क खात्याने आधी एवढं लिहून घ्यावं: काळी काच नको, दर भिंतीवर ठळक, पोटभर जेवण दारूपेक्षा स्वस्त, फुकट बाटलीच्या योजना बंद, आणि झोकांड्या खाणाऱ्याची चावी काढून घेऊन त्याला रिक्षात बसवायची जबाबदारी मॅनेजरच्या नावावर. यातली एकही अट नाकारली तर परवानाही नाकारावा.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
साखर पेठ, सोलापूर