इंजेक्टर मागवण्याआधी

चिपळूण

प्रिय निनाद,

सप्रेम नमस्कार. तुझ्या लिनिया टी-जेट गाडीला ६३० सीसीचे (मिनिटाला तेवढं पेट्रोल सोडू शकणारे) इंजेक्टर टाकायचं तू ठरवलंस म्हणे. पैसे भरले नसशील तर आधी हे वाच.

ताकद टर्बोने कोंबलेल्या हवेतून येते. इंजेक्टरने फक्त त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल द्यायचं. तुला १८० बीएचपी हवेत ना? टर्बो इंजिनाला बीएचपीमागे तासाला ०.६ पौंड पेट्रोल धर. झाले १०८ पौंड, चारांपैकी एका इंजेक्टरच्या वाट्याला २७. पण इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवू नये, म्हणून ३४ लागतील. मिनिटाला साधारण ३५५ सीसी. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यासाठी साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के वाढव. तरी ४४० सीसी पुष्कळ होतात. ६३० सीसीचा इंजेक्टर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इतका थोडा वेळ उघडतो की नेमकं पेट्रोल सोडणं कठीण, आणि गाडी थरथरत राहते.

बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, आधी वाढवू, इंजेक्टर नंतर बघू, असं कोणी म्हणालं तर मुळीच ऐकू नकोस. तू दर महिन्याला कुंभार्ली चढतोस. घाटात इंजिन मिनिटंच्या मिनिटं बूस्टमध्ये असतं. तिथे पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं, आणि पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. उलट, मोठे इंजेक्टर बसवून मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले पेट्रोलचे आकडे) जुनाच ठेवलास तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन काढतं. म्हणून इंजेक्टर आणि मॅप एकाच दिवशी. पंपाचा दाबही तपासून घे. रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब ३ बारवर अडकलेला असेल आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत) १ बार बूस्ट असेल, तर इंजेक्टरला २ बारच उरतात आणि पेट्रोल अठरा टक्के घटतं.

आणखी एक, तुझी गाडी मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढला की व्होल्टेज पडतं, इंजेक्टर उशिरा उघडतो आणि मॅप करणाऱ्या ट्यूनरने घातलेले आकडे चुकतात. पिना साफ करून घे, रबरी बूट फाटके असतील तर बदल. ओ-रिंग नव्याच घाल, इंजिन ऑईलचं बोट लावून.

चारही इंजेक्टरांचा फ्लो-टेस्टचा (प्रत्येकातून किती पेट्रोल सुटतं त्या चाचणीचा) कागद विकणाऱ्याकडून माग आणि मला पाठव. गाडी मॅपला लावशील तेव्हा मी रत्नागिरीला येतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
समीर